अण्णांच्या वायरिंगमधली वीस मिनिटं

आधीच कबूल करतो, या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आलो ते चुका काढायला. कुणाच्या मागे पावलं वाजतात, कुणाला गेलेल्या माणसाचा मिस्ड कॉल येतो... आणि मी खाली कॉमेंट टाकणार, ‘भाऊ, आधी ते सिम आता कुणाच्या नावावर आहे ते बघा.’ माझी बायको मुग्धा म्हणते, तुझ्यासमोर भूत येऊन उभं राहिलं तरी तू आधी त्याचं आयडी कार्ड मागशील. तर आता लिहायची पाळी माझ्यावर आलीय. खुशाल चुका काढा, मी वाईट वाटून घेणार नाही. खरं तर एखादी सापडली तर बरंच वाटेल.

मी निखिल. मूळचा सातारचा, गेली सात वर्षं बेंगळुरूत. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत नेटवर्क सपोर्टचं काम करतो. म्हणजे कुठेतरी लाइन पडते, ती का पडली हे मी शोधायचं आणि लेखी द्यायचं. आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करतो, उरलेले दोन दिवस मुग्धा घरून करते.

आम्ही राहतो राजाजीनगरात, एका जुन्या दोन मजली घराच्या तळमजल्यावर. वरच्या मजल्यावर घरमालकीण, निर्मलाअक्का. वय चौऱ्याहत्तर. बेळगावकडच्या मराठी घरातल्या, लग्न होऊन इथे आल्या त्याला पन्नास वर्षं झाली. बोलण्यात अर्धं बेळगाव, पाव कन्नड आणि उरलेलं डोळ्यांनी. त्यांचे यजमान म्हणजे अण्णा, पेशाने वायरमन. राजाजीनगरातल्या निम्म्या घरांच्या भिंतींत अण्णांच्या हातच्या तारा आहेत असं अक्का सांगतात, आणि त्यात फार फुगवलेलं नसावं. मी अण्णांना पाहिलं नाही. आम्ही राहायला आलो त्याच्या आदल्या वर्षी ते गेले. पण त्यांचं काम मी रोज बघतो. चिकपेटेच्या बाजारातून स्वतः निवडून आणलेली तांब्याची वायर, प्रत्येक जोड पिळून, डाग देऊन, टेप लावून बसवलेला, आणि प्रत्येक बोर्डाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं, की कुठली तार कुठे जाते.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये अक्का वरच्या हॉलमध्ये पडल्या. नेमकं त्या दिवशी मलाही ऑफिसात बोलावलं होतं आणि मुग्धाही ऑफिसात. दोन तास त्या तशाच जमिनीवर होत्या. हाड मोडलं नव्हतं हे नशीब. मुग्धा घरी आल्यावर तिला वरून हाक ऐकू आली. ते दोन तास आम्हा दोघांनाही फार लागले आहेत, अजूनही लागतात.

अक्कांचा एकुलता मुलगा सतीश, सतीशदादा, जर्मनीत असतो. तो दुसऱ्याच आठवड्यात आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. आईने एकटीने राहायचं नाही, देवनहळ्ळीकडे ज्येष्ठांसाठी बांधलेली एक वसाहत आहे, तिथे डॉक्टर आहे, घंटी वाजवली की माणूस येतो, तिथे जायचं. घर नंतर विकू. अक्का फक्त उठून गेल्या आणि आतून भांड्यांचा आवाज जरा जास्त यायला लागला.

शेवटी तोडगा मीच काढला. आपला स्वभाव, विचारल्याशिवाय तोडगा काढायचा. म्हटलं, “सतीशदादा, हॉलमध्ये एक कॅमेरा लावू. तू तिकडून केव्हाही बघ. पडल्या, उठल्या नाहीत, काही वेगळं दिसलं की आम्हाला फोन कर.” त्याने विचार केला आणि म्हणाला, “ठीक आहे. पण कॅमेरा दिवसभर चालू पाहिजे. मला आई दिसली पाहिजे. दिसली नाही तर दिवाळीनंतर देवनहळ्ळी, मग वाद नाही.”

आता अडचण अशी की आमचं वायफाय वर पोचत नाही. भिंती जाड, मधे स्लॅब, आणि हॉल मागच्या बाजूला. मोबाईलची रेंज वर एक काडी, तीही खिडकीत उभं राहिलं तर. मी म्हटलं, भिंतीला एक भोक पाडून केबल नेतो. अक्का म्हणाल्या, “भोक नाही. ह्यांनी सगळं भिंतीच्या पोटात घातलंय, एक तार बाहेर दिसत नाही. त्यांनी कुणाला खिळा मारू दिला नाही, मी ड्रिल मारू देऊ काय?”

तेव्हा मला सुचलं ते पॉवरलाइन अडॅप्टर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात... घरात वीज नेणाऱ्या ज्या तारा आहेत त्यांच्यावरूनच इंटरनेटही पाठवता येतं. दोन छोटे डबे मिळतात. एक राउटरजवळच्या सॉकेटमध्ये खोचायचा, दुसरा जिथे इंटरनेट हवं तिथल्या सॉकेटमध्ये. बस. नवी वायर नाही, भोक नाही. डब्यावर तीन बारके दिवे असतात. पहिला म्हणजे वीज आहे. मधला म्हणजे भिंतीतून दुसऱ्या डब्याशी बोलणं चालू आहे. तिसरा म्हणजे कॅमेरा जोडलेला आहे.

अक्कांना हे इतकं आवडलं! “म्हणजे ह्यांच्याच तारेतनं जाणार म्हणा की!” असं दोनतीनदा म्हणाल्या. मी डबे लावले आणि खरं सांगतो, जुन्या घरात एवढा चांगला वेग मी कधी पाहिला नव्हता. एरवी जुन्या वायरिंगमध्ये निम्मा सिग्नल जोडांमध्येच मरतो. मनातल्या मनात अण्णांना सलाम केला. सतीशदादा समाधानाने परत गेला.

पाचव्या दिवशी त्याचा मेसेज आला, ‘कॅमेरा ऑफलाइन दिसतोय.’ मी बघितलं तर चालू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. त्याच्या जेवणाच्या सुट्टीत तो ॲप उघडायचा, म्हणजे आपल्याकडचे चार सव्वाचार. नेमका तेव्हाच कॅमेरा बंद. मी लॉग काढला. पहिल्या दिवसापासून रोज, चारनंतर पाचदहा मिनिटांनी मधला दिवा विझतो, वीसेक मिनिटं विझलेला राहतो, आणि पुन्हा लागतो. वीज असते. पहिला दिवा सुरूच. फक्त भिंतीतलं बोलणं थांबतं.

माझ्यातला सपोर्टवाला खूश झाला. ठरावीक वेळेला होणारा बिघाड म्हणजे सगळ्यात सोपा. मिक्सर, पाण्याची मोटर, स्वस्तातला चार्जर, असलं काहीतरी सुरू झालं की तारेवर गोंगाट होतो आणि त्यात सिग्नल बुडतो. फक्त गोंगाट करणारा पकडायचा.

आठवडाभर मी तो पकडत होतो. दोन्ही मजल्यांवरचे सगळे प्लग काढले. फ्रीजसुद्धा. डब्यांची अदलाबदल केली, मग नवीन जोडी आणली. शेजारच्या घरी जाऊन मोटर केव्हा लावता ते विचारलं; ते सकाळी लावतात. नागराज म्हणून ओळखीचा इलेक्ट्रिशियन आहे, त्याला बोलावून बोर्ड उघडून घेतले. तो टॉर्च मारून बराच वेळ आत बघत राहिला आणि म्हणाला, “लाइन सरी इदे सार. एकदम सरी. असं काम आता कोण करतो?” म्हणजे दोष काही नाहीच. जाताना बोर्डाच्या झाकणाचा त्याने फोटो काढून नेला, आपल्या पोरांना दाखवायला.

मग एका शनिवारी दुपारी आमच्या पूर्ण ब्लॉकची वीज गेली. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, त्यावर हे दोन्ही बोर्ड चालतात. म्हटलं वा, आता शेजाऱ्यापाजाऱ्यांचं सगळं बंद आहे, आता दिवा विझायचं कारण नाही. चार वाजून आठ मिनिटांनी विझला.

इथे मला पहिल्यांदा जरा कसंतरी झालं. भीती नव्हे. गणित सोडवताना उत्तर येत नाही आणि पेपर द्यायची वेळ होते, तसं.

त्यानंतरच्या आठवड्यात अक्कांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. आम्ही तीनला निघालो. परत यायला पावणेसहा वाजले. त्या दिवशी चारला दिवा विझलाच नाही. विझला पाच बावन्नला. सहा वाजून चौदा मिनिटांनी परत आला. मी लॉग तीनदा वाचला. म्हणजे घड्याळाचा संबंध नव्हता, संबंध अक्कांचा होता. त्या घरी आल्या, हातपाय धुतले, चहा टाकला...

मग मी मुद्दाम मुग्धाला म्हटलं, आज चारला वर जाऊन अक्कांबरोबर चहा घे. ती गेली. दिवा जळत राहिला. दुसऱ्या दिवशी अक्का एकट्या, तर दिवा गुल. त्यांच्या भाचीचं लग्न होतं, त्या तीन दिवस बेळगावला गेल्या, तर तीन दिवस कॅमेरा रिकाम्या हॉलचं अखंड चित्र दाखवत होता, एकदाही डोळा न मिटता.

आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय निष्कर्ष काढला असता? मीही तोच काढला, आणि त्याची मला आजही लाज वाटते. मी वर गेलो आणि विचारलं, “अक्का, रागावू नका, पण चहाच्या वेळी तुम्ही ते बटण बंद करता का? बघणं नको वाटत असेल तर सांगा, मी समजू शकतो.”

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, “तम्मा, मी कशाला रे बंद करू? ते बंद पडलं तर माझं घर जातंय. एवढं मला कळत नाही काय?” तम्मा म्हणजे धाकटा भाऊ; त्या मला तशीच हाक मारतात. मग त्या पुढे म्हणाल्या, “सतीशचा काल फोन आला होता. म्हणाला, आई, रोज त्याच वेळेला बंद म्हणजे तूच काहीतरी करतेस. आता तूही तेच म्हण.”

मी माफी मागितली. त्याच म्हणाल्या, “खिडकीच्या जाळीला बारकं भोक पाड आणि आण तुझी केबल. भिंतीला नको, जाळीला चालतंय. जाळी काय, ह्यांच्या हातची नव्हे.” हार मानल्याचा सूर होता तो. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती.

मी त्याच दिवशी वीस मीटर केबल आणली. भिंतीतल्या तारांची भानगडच नको, सरळ खालून बाहेरच्या बाजूने वर. तासाभराचं काम. पण माझा हट्टी स्वभाव... कारण कळल्याशिवाय इलाज करायला मन घेईना. म्हटलं, आज शेवटचं बघू. अक्कांना सांगून, चारच्या आधी लॅपटॉप घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो. घराच्या आतूनच जिना आहे, वरचं दार अर्धं उघडं होतं. मला हॉल दिसत होता, समोरच्या भिंतीवरचा डबा दिसत होता. थोड्या वेळाने अक्का बहुतेक मला विसरल्याच.

त्यांनी गॅसवर चहा केला. आलं खलबत्त्यात कुटलं, मिक्सर नाही. खिडकीपाशी दोन वेताच्या खुर्च्या आहेत, मधे एक स्टूल. स्टुलावर त्यांनी दोन कप ठेवले. बसल्या. एक कप उचलून दोन्ही हातांत धरला. सॉकेट त्यांच्यापासून आठ-दहा फूट लांब. मधला दिवा विझला.

आणि अक्का बोलायला लागल्या.

“अहो, ऐकलं काय? त्या तम्माला मी आज बोलले. बोलू नये होतं. पोरगं भलं हाय.” मग थोडं थांबल्या. “हां, ते बी खरंच. पण सतीशला कोण सांगणार? तुमच्यावर गेलाय. एकदा डोक्यात आलं की आलं.” मग पुन्हा थांबल्या, आणि खळखळून हसल्या. अशा हसल्या की मी गेल्या चार वर्षांत त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग गॅसवाल्याची तक्रार, भाचीच्या सासूची तक्रार, मग खुद्द अण्णांची तक्रार, की आजारपणात डॉक्टरकडे वेळेवर आले नाहीत म्हणून. “स्वल्प ऐकलं असतंत तर आज असता की इथं.” त्या चक्क भांडत होत्या. आणि ज्या ठिकाणी समोरचा उत्तर देईल त्या ठिकाणी बरोबर तेवढ्या थांबत होत्या.

मी लॅपटॉपकडे बघितलं. या डब्यांचं एक साधं ॲप असतं, कोण कुणाशी जोडलंय ते त्यात दिसतं. वरचा डबा त्यात नव्हता, ते ठीक, त्याचा दिवा विझला होता. मग खालचा, माझ्या राउटरजवळचा डबा एकटा दिसायला हवा होता. पण त्याच्यासमोर लिहिलं होतं, जोडलेली उपकरणं: एक. नावाचा रकाना रिकामा. आणि वेग दाखवत होता खोक्यावर छापलेला आकडा, पूर्णच्या पूर्ण. हा आकडा जाहिरातीपुरता असतो हो. खऱ्या घरात, खऱ्या तारेवर तो कुणालाही कधी मिळत नाही. लॅबमध्ये दोन डबे शेजारीशेजारी लावले तरी मिळत नाही.

मी त्याचा स्क्रीनशॉट घेतला. अजून आहे माझ्याकडे. ऑफिसात दोघांना दाखवला, त्यांचं मत, ॲपमधला बग असेल. असेलही. मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

चार एकोणतीसला अक्कांनी दोन्ही कप उचलले. एक रिकामा, एक भरलेला. भरलेला त्यांनी स्वयंपाकघरात नेऊन ओतून टाकला असावा, तसा आवाज आला. मधला दिवा लागला.

मी खाली आलो. केबलचं भेंडोळं टेबलावर होतं. मुग्धा म्हणाली, “लावायची ना?” मी तिला सगळं सांगितलं. मग तिने तो प्रश्न विचारला जो माझ्या लक्षातच आला नव्हता. “निखिल, ही केबल लावलीस तर सतीशदादाला काय दिसेल?”

काय दिसेल... आई रिकाम्या खुर्चीशी बोलतेय, हसतेय, भांडतेय. कुठलाही मुलगा दुसऱ्या दिवशी विमानात बसेल. देवनहळ्ळी सोडा, आधी मेंदूच्या डॉक्टरकडे नेईल. आणि अक्का तर ठणठणीत आहेत. हिशोब तोंडी करतात, माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण लांबून ओळखतात. कॅमेरा बंद पडला तर घर जाणार आणि चालू राहिला तरी घर जाणार. मी ती केबल माळ्यावर टाकली.

आणि मग मी नोकरीत कधी केलं नाही ते केलं. सतीशदादाने लेखी कारण मागितलं होतं, तो स्वतः इंजिनिअर आहे. मी व्यवस्थित एक पानी रिपोर्ट लिहिला. शेजारच्या बोअरवेलच्या मोटरमुळे तारेवर गोंगाट येतो. दुरुस्ती शक्य नाही. रोज वीस-पंचवीस मिनिटं कॅमेरा बंद राहील, त्या वेळेत आम्ही दोघांपैकी एक जण जिन्यात बसून अक्कांकडे लक्ष देईल. शेवटचं वाक्य सोडलं तर सगळं खोटं. तरी पाठवला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आपल्याकडे साडेपाच वाजले होते, मी चपला काढत होतो.

“रिपोर्ट वाचला,” तो म्हणाला. “मोटर रोज चारला लावतात?”

“साधारण.”

“आई बेळगावला होती त्या तीन दिवसांत नाही लावली त्यांनी?”

मी विसरलोच होतो की त्या तीन दिवसांतही तो जेवणाच्या सुट्टीत ॲप उघडून बघत असणार. रिकामा हॉल बघत असणार. माझ्यासारख्या माणसाने खोटं बोलू नये, त्याला अक्कल लागते वेगळी.

“निखिल, खरं सांग.”

“सतीशदादा, अक्का काहीही बंद करत नाहीत. मी शपथेवर सांगतो, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पण का बंद पडतं ते मला माहीत नाही. मोटरचं मी खोटं लिहिलं.”

“चहा घेत असते ना ती तेव्हा?”

“हो.”

“बाबांशी बोलते?”

मला वाटलं, गेलं घर. पण खोटं एकदाच जमलं होतं, तेही नीट जमलं नव्हतं. मी हो म्हटलं.

मी दोनदा हॅलो केलं.

“भांडते का अजून?” त्याने विचारलं.

“खूप.”

तो हसला. मग त्याने जे सांगितलं ते मी त्याच्या परवानगीने इथे लिहितोय. अण्णांना दिवसभर फोन यायचे. याची लाइट गेली, त्याचा फ्यूज उडाला. पण चार वाजता ते कुठूनही घरी यायचे, फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवायचे आणि अक्कांबरोबर चहा प्यायचे. वीस मिनिटं. तेवढा वेळ सतीशलासुद्धा बाहेर खेळायला पिटाळायचे. म्हणायचे, वीस मिनिटं अंधारात बसून कोणी मरत नाही. “आई दिवसभर राबायची,” सतीशदादा म्हणाला, “तिचं ऐकून घेणारा माणूस तिला तेवढाच वेळ मिळायचा.”

“मी मग इंजिनिअरिंगला धारवाडला गेलो. आम्हाला चारला सुट्टी व्हायची, कॉलेजच्या समोर बूथ होता. मी घरी फोन लावायचो, तर रोज एंगेज. का ते मला माहीत होतं. पण वाटायचं, मुलगा पहिल्यांदा घराबाहेर गेलाय, एखाद्या दिवशी तरी रिसीव्हर जागेवर ठेवतील. नाही ठेवला. मी दोन आठवडे करून बघितलं आणि मग रागाने फोन करणंच सोडलं. चार वर्षं पत्रं नाहीत, फोन नाहीत, सुट्टीत गेलो की तेवढंच. बाबांशी नंतर कधी धड बोललोच नाही मी. आणि आता जेवणाच्या सुट्टीत ॲप उघडतो, तर पुन्हा तेच.”

मी नुसता हं हं करत होतो.

“देवनहळ्ळीला मी नको म्हणून कळवतो,” तो म्हणाला. “तुम्ही दोघं जिन्यात बसता तेवढं पुरे. आणि निखिल, आईला यातलं काही सांगू नकोस. तेव्हा मला साधं सुचलं नव्हतं, थोडं थांबून फोन करावा म्हणून. आता साडेचारला करतो.”

याला आता वर्ष होईल. अक्का वरच राहतात, वर्षभरात एकदाही पडलेल्या नाहीत. चार वाजता आमच्यापैकी एक जण जिन्यात लॅपटॉप घेऊन बसतो, दार अर्धं उघडं, पण मी आता आत बघत नाही आणि ॲपही उघडत नाही. कारण मला अजून सापडलेलं नाही. ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी जरूर लिहा, मी प्रत्येक शक्यता तपासून बघेन. फक्त चार ते साडेचार सोडून.

साडेचारला वर फोन वाजतो आणि अक्का पहिल्या रिंगला उचलतात. परवा त्यांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला, “अरे सतीश, किती वेळेवर करतोस रे! आत्ताच चहा झाला बघ आमचा.”